पळणारे पांढरे किडे मारू नका: मानेवाड्याच्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

किडी खाणाऱ्या मित्रकीटकांवरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "मित्रकीटक पुस्तकात ठीक. माझ्या अंगणातल्या लंगडा आंब्यावर पांढरे किडे झाले, त्यातले काही मोठे झिपरे तर पटापट पळत होते. दोनदा औषध मारलं, तरी महिन्याभरात दुप्पट झाले. कुठं होते तुमचे मित्र?"

भाऊ, ते पळणारे झिपरेच बहुतेक मित्र होते. मोठा झालेला मिलीबग (पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड) असा पळत नाही, सोंड खुपसून बसतो. क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी मात्र मेणाचे लांब पांढरे धागे अंगावर घेऊन फिरते, म्हणून पाहणारा फसतो. भिंग घेऊन बघा, मिलीबगच्या अंड्यांच्या कापसासारख्या पुंजक्यात ती तोंड घालून खात असते. हा भुंगेरा मूळ ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये कॉफीवरच्या किडीसाठी भारतात आणलेला. तुमच्या फवाऱ्यानं या अळ्या गेल्या असणार. मेणाखालची अंडी वाचली, आणि ती फुटली तेव्हा त्यांना खाणारं झाडावर कोणी उरलं नव्हतं.

तुडतुडे, म्हणजे मोहोराचा रस शोषणारे उड्या मारणारे बारके किडे, नुसत्या मित्रकीटकांनी आटोक्यात येत नाहीत, हे तुमचं म्हणणं मात्र मला मान्य आहे. मोहोरावर ते भरले आणि पानं चिकट होऊन काजळी धरली (काटोलकडं संत्र्यावर कोळशी पडते तशीच), तर कोळी नि ढालकिडे एकटे पुरत नाहीत. औषध मारायचंच तर मोहोर फुटायच्या आधी, सालीच्या भेगांत लपलेले तुडतुडे बघून मारा. फुलं उमलल्यावर कृपा करून नको. आंब्याचं परागीभवन बरंचसं माश्याच करतात, आणि फवाऱ्यात त्याच मरतात. मग फळ धरलं नाही की आपण हवामानाला बोल लावतो.

खोडावर मुंग्यांची रांग आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. माझ्या मते सगळ्यात आधी तेच बघायला हवं. मिलीबगच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, ढालकिड्याला जवळ येऊ देत नाहीत. शिवाय आंब्यावरचा मोठ्या जातीचा मिलीबग उन्हाळ्यात खाली उतरून मातीत अंडी घालतो, आणि पिल्लं डिसेंबर-जानेवारीत खोडावरूनच वर चढतात. म्हणून डिसेंबर लागताच जमिनीपासून हातभर वर खोडाला वीतभर रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधा, वरून ग्रीस लावा, पट्टीखालच्या भेगा चिखलानं लिंपा. भिंतीला किंवा केबलला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतील.

तिसरा फवारा घ्यायच्या आधी फांदीचा जवळून फोटो पाठवा. पळणारे किती उरलेत ते बघू, मग ठरवू.