जुनं घर पाडायच्या आधी एकदा भिंत तपासा

आर्किटेक्चर करणारी लेकरं सारखं विचारायलेत की जुन्या इमारतींच्या जतनात करिअर आहे का, आणि ते मराठवाड्यात राहून होतं का. होतं. उलट इथंच माणसं पाहिजेत. नळदुर्गचा 1613 चा पाणीमहाल किंवा संभाजीनगरातला मलिक अंबरनं बांधलेला भडकल दरवाजा, हे निदान सरकारच्या यादीत तरी आहेत, पण गावोगावच्या गढ्या, बारवा, माळवदाचे (मातीच्या सपाट छपराचे) वाडे यांना कुणीच वाली नाही.

आपल्याकडं खरी अडचण पैशाची नंतर, आधी भीतीची आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, किल्लारीचा भूकंप. त्या दिवसापासून दगडमातीचं घर म्हणजे मरण हे लोकांच्या मनात बसलं आणि ज्यांनी घरची माणसं ढिगाऱ्यातून काढली त्यांना आपण कोणत्या तोंडानं सांगणार की वाडा ठेवा म्हणून? पण ती घरं का पडली ते तरी समजून घ्या. भिंती दोन-अडीच फूट जाड, पण बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मधे माती न् चिपा, दोन्हीला धरून ठेवणारा आरपार दगड बऱ्याच ठिकाणी नव्हताच. वरून माळवद गळतंय म्हणून वर्षानुवर्षं मातीचे थर चढवलेले, ते सगळं वजन खाली आलं. म्हणजे दगडाचा दोष नव्हता, बांधणीचा होता, आणि बांधणी दुरुस्त करता येते. आरपार दगड घालायचे, माळवदाचं वजन कमी करायचं, तुळया एकमेकींना आणि भिंतीला पक्क्या बांधायच्या. हेच तर आमचं काम आहे.

आणि होतंय काय, तर जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि डोक्यावर स्लॅब. अहो चुन्याची भिंत ओल घेते न् सोडते, सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की ओल आत कोंडते, क्षार फुटतात, दगडाचे पापुद्रे निघायला लागतात. सरकारी कामात तर टेंडर ज्याचा रेट कमी त्याला, मग चुना मुरवायला, बेलफळ-गूळ-हिरड्याचं पाणी करायला, चुना दळायच्या घाणीत मळायला वेळ कोण देणार? मला याचा मनापासून राग येतो, जुन्या भिंतीचं काम रस्त्याच्या खडीसारखं मोजताच येत नाही.

डिग्रीसाठी दिल्लीचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आहे, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ आहे, जरूर जा. पण चुना हाताला कळतो तो म्हाताऱ्या गवंड्याजवळ बसूनच, आणि असे गवंडी आता फार थोडे राहिलेत, त्यांच्या पोरांनी हा धंदा सोडला कारण मजुरी परवडत नाही. त्यांना हेल्परची नाही, कारागिराची मजुरी मिळालीच पाहिजे.

तोवर दिवाळीच्या सुट्टीत एवढं करा, आपल्या गावातल्या एका वाड्याची टेप लावून मापं घ्या, तुळयांचे, कोनाड्यांचे, भिंतीच्या तड्यांचे फोटो काढा, आणि घरातल्या आज्जीला विचारा की माळवदावर माती कधी कधी टाकली होती.