दोन सोलचे उपकार

पेरूतल्या माचू पिचूच्या दारात मला जोराची लागली होती आणि खिशात फक्त शंभर सोलच्या (सोल म्हणजे तिथलं चलन) नोटा होत्या. बाकी प्रवासवर्णन, म्हणजे लिमा, कुस्को, ओयांताइताम्बोहून आगगाडी, मग वळणावळणाच्या घाटातून वर जाणारी बस, हे सगळं आमच्या नियोजनसम्राट मित्राने एक्सेलमध्ये लिहून ठेवलंय. ज्याला हवं त्याने त्याच्याकडून घ्यावं.

आत स्वच्छतागृह नाही. पंधराव्या शतकात इंकांनी या डोंगरावर अख्खं नगर वसवलं, झऱ्याचं पाणी चरातून आणून एकाखाली एक अशी सोळा कारंजी केली, पण आजच्या पाहुण्याची सोय फक्त दाराबाहेर. आणि एकदा आत गेलात की बाहेर येऊन त्याच तिकिटावर परत आत जाता येत नाही. त्यात कुस्को ३४०० मीटरवर. तिथे जो भेटेल तो 'पाणी प्या, कोकाचा चहा प्या' म्हणून मागे लागतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. 'आपण सह्याद्रीतली माणसं, आपल्याला काय होतंय!' म्हणणारा आमचा ट्रेकर मित्र कुस्कोत हॉटेलचा पहिला मजला चढताना दोनदा खाली बसला. त्याची ती अवस्था पाहून मी धसक्याने दिसेल तो कप रिकामा करत सुटलो होतो. माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे, तिथे दम लागत नाही म्हणतात. पण प्यायलेला चहा काही कुस्कोत ठेवून येता येत नाही.

दाराबाहेरच्या त्या स्वच्छतागृहाचा दर दोन सोल. खिडकीतल्या बाईंनी माझी शंभराची नोट उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि परत दिली. सुटे नाहीत. एटीएमने दुसरी नोट दिलीच नव्हती, हे मी खाणाखुणा करून सांगितलं. बाईंनी तितक्याच शांतपणे पुढच्या माणसाकडे पाहिलं. सुटे पैसे असलेले माझे मित्र आठचा स्लॉट चुकेल म्हणून 'तू ये रे, आम्ही आहोतच' असं सांगून आत गेले होते.

"मराठी का?"

मी नुकताच जो शब्द उच्चारला होता तो ऐकल्यावर खरं तर विचारायची गरज नव्हती. मागे एक काका उभे होते. पिवळी टोपी, गळ्यात टूरवाल्यांचं ओळखपत्र, कमरेला पाऊच. डोंबिवलीचे. आयुष्यभर धरणं बांधून निवृत्त झालेले.

"घ्या हो दोन सोल. लाजताय काय? माणसाला कधी काय लागेल सांगता येतं का?"

"थँक्यू काका. आत भेटलात की लगेच देतो."

"भेटलात म्हणजे? मी थांबतो ना!"

आणि ते खरंच थांबले.

आता आतली व्यवस्था अशी, की बाणाच्या दिशेनेच चालायचं. मागे फिरलात की रखवालदार शिट्टी मारतो. म्हणजे मित्र पुढे गेलेले, ते मागे येऊ शकत नाहीत. सावकार बरोबर, आणि पळायला वाट नाही. काकांनी पहिल्या वळणावरच मोबाईल माझ्या हातात दिला. "आमच्यातले सगळे गुडघेवाले. कुणाला खाली बसून फोटो काढता येत नाही. तुम्ही बसा."

मी बसलो. लामा या तिथल्या प्राण्याबरोबर काका. लामा निघून गेल्यावर नुसते काका. उतरत्या पायऱ्यांच्या शेतांसमोर हात पसरून काका. मधूनमधून त्यांची मंडळी भेटायची आणि काका ओळख करून द्यायचे, "हे आपलेच. खाली बाथरूमपाशी अडकले होते, मी सोडवलं." त्यावर एका काकूंनी "आता बरंय ना?" असं विचारून माझ्या हातात इलेक्ट्रालचं पाकीट ठेवलं.

सगळ्यात वाईट म्हणजे काकांना कळत होतं. त्यांनी गाईडला गप्प करून समजावलं की त्या शेतांखाली आधी मोठे दगड, वर खडी, मग वाळू, मग माती असे थर आहेत, म्हणून इतक्या पावसात डोंगर खाली आला नाही. "निचरा! निम्मी अक्कल जमिनीखाली आहे. आमच्या वेळचे कंत्राटदार इथे आणून उभे करायला हवे होते." गाईड मान डोलावत होता. मला त्यांचं म्हणणं पटत होतं, आणि त्यामुळेच जास्त चीड येत होती.

मग त्यांनी पाऊचमधून क्रेडिट कार्ड काढलं आणि सूर्यमंदिराजवळच्या एका भिंतीत, चुन्याशिवाय बसवलेल्या दोन दगडांच्या सांध्यात घालून बघितलं. "बघा, जातंय का?" शिट्टी वाजली. रखवालदार तरातरा आला आणि मला झापलं. मोबाईल माझ्या हातात होता ना! काका तोवर कार्ड खिशात घालून ढगांकडे बघत होते. २००० साली बिअरच्या जाहिरातीच्या शूटिंगमध्ये क्रेन आदळून इथल्या इंतिवाताना नावाच्या इंकांच्या पवित्र दगडाचा टवका उडाला, तेव्हा हा शिट्टीवाला कुठे होता, एवढंच मला विचारायचं होतं. स्पॅनिश येत नाही म्हणून राहिलं.

आणि विनोद बाजूला ठेवा. तिकीट कितीतरी आधी काढायचं, ते पासपोर्टवरच्या नावाशी जुळायला हवं, गाडीचे पैसे वेगळे, बसचे वेगळे. एवढं सगळं काटेकोर जमवता येतं, तर त्या खिडकीत सुट्या नाण्यांचा एक डबा ठेवायला काय जातं? मित्रांबद्दल तर बोलायलाच नको. मागे वायना पिचू डोंगराचं टोक असलेला तो सगळ्यांचा असतो तो फोटो त्यांनी काढला, मी अजून आतच फिरत असताना ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'अख्खी गँग!'

बाहेर आल्यावर नको असलेली पाण्याची बाटली घेऊन मी नोट मोडली. काकांनी दोन सोल घेतले नाहीत. "छे हो! त्यापेक्षा तुमचा नंबर द्या. माझ्या मोबाईलची मेमरी भरली म्हणून शेवटचे तुमच्यावर काढले ना, ते पाठवा."

पाठवले. काल रात्री उत्तर आलं, 'लामाचा छान आलाय. सूर्यमंदिराचा जरा तिरका आहे, सरळ करून पाठवणे. मागचा परदेशी माणूस काढता आला तर बघा.'