शंभर मॉक, नव्व्याण्णव पर्सेंटाइल: हा हिशेब कुठे चुकतो

गणपती उठले की कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीएची प्रवेश परीक्षा, देणाऱ्या मुलांच्या पोटात गोळा यायला लागतो आणि नेमका तेव्हाच तो मेसेज फिरायला लागतो. दरवर्षी शब्द बदलतात, गाभा तोच. रोज एक ऑनलाइन मॉक (सराव परीक्षा) द्या, शंभर झाले की ९९ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णवांच्या पुढचा नंबर, कुठे जात नाही. पुस्तकं बाजूला ठेवा, चुका ॲप दाखवतंच. मॉकमध्ये जे पर्सेंटाइल येतं तेच परीक्षेत येतं. मॉक जेवढा अवघड, तेवढा खरा पेपर सोपा वाटतो. आणि कॅटचे मॉक दिलेत की सीईटी, म्हणजे राज्याची एमबीए प्रवेश परीक्षा, आपोआप निघते. शेवटच्या ओळीत बहुतेक वेळा एखाद्या टेस्ट सिरीजची लिंक आणि सवलतीचा कोड असतो. तो भाग मी सोडून देतो. विकणारा सांगतोय एवढ्यावरून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही.

मी पुण्यात संध्याकाळी चार-सहा मुलांना गणित शिकवतो. क्लास वगैरे नाही, घरचं जेवणाचं टेबल. त्यात माझ्या मावसबहिणीचा मुलगाही येतो. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास. त्याने हा मेसेज फारच मनावर घेतला होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहिल्यांदा आला तेव्हा ३२ मॉक देऊन झाले होते आणि आकडा ८२ ते ८५ च्या मध्ये अडकलेला. "मामा, हलतच नाही रे," एवढंच म्हणाला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पुढचं जे लिहितोय ते बरंचसं त्या लॅपटॉपवर बघितलेलं आहे.

"रोज एक मॉक द्या"

कॅटचा पेपर दोन तासांचा. इंग्रजी वाचन, डीआयएलआर (तक्ते-आकडेवारी आणि तर्काचे प्रश्न) आणि गणित, प्रत्येकाला ४० मिनिटं, आणि एका विभागातला वेळ दुसऱ्यात नेता येत नाही. २०२४ ला एकूण ६८ प्रश्न होते. मॉक दिल्यावर या ६८ प्रश्नांकडे परत बघायचं, म्हणजे चुकलेला का चुकला, सोडलेला येण्यासारखा होता का, बरोबर आलेल्याला किती वेळ गेला, हे सगळं करायचं तर माझ्या अनुभवात साडेतीन-चार तास जातात. नोकरी करणाऱ्या मुलाकडे दिवसाला अडीच तास असतात, तेही बॉसची कृपा असली तर. त्यात रोज दोन तासांचा मॉक कोंबला की उरलेल्या अर्ध्या तासात तो उत्तरांवरून नुसती नजर फिरवतो. माझ्या भाच्याचं तेच झालं होतं. ३२ मॉक दिले होते, एकही नीट बघितला नव्हता.

आता मेसेजच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगायला हवं. चाचणी देण्याने अभ्यास पक्का होतो, याला आधार आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. मग काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणारे. मॉकवाले हा दाखला देतात आणि तो खोटा नाही. फक्त त्या प्रयोगात उतारा आधी वाचलेला होता. आठवायला डोक्यात काहीतरी होतं. ज्याने लॉगॅरिदम उघडूनच बघितलं नाही त्याने लॉगॅरिदमचे दहा प्रश्न सोडून दिले तर तो काय आठवणार? शिवाय पर्यायी प्रश्नांत एक धोका असतो: निवडलेला चुकीचा पर्यायच डोक्यात राहू शकतो. बरोबर उत्तर नंतर कळलं तर हा तोटा कमी होतो, असंही रोडिगर यांच्याच पुढच्या कामात दिसलं. म्हणजे फिरून गाडी त्या चार तासांवरच येते.

रोज कणीस सोलून बघितलं म्हणून दाणा लवकर भरत नाही.

"चुका ॲप दाखवतंच"

ॲप काय दाखवतं ते सांगतो. भाच्याच्या एका मॉकमध्ये हा प्रश्न होता: क्ष आणि य हे धन पूर्णांक आहेत, क्ष × य + क्ष + य = १४२, तर क्ष + य किती? त्याचं उत्तर २२. बरोबर. हिरवी खूण.

"कसं काढलंस?" म्हणून विचारलं. त्याने कच्च्या कामाची वही उघडली. क्ष ला १ धरून य काढला, अपूर्णांक आला. मग २ धरला, मग ३. असं करत १० पर्यंत गेला तेव्हा य १२ आला. सव्वातीन मिनिटं लागली होती. खरं तर दोन्ही बाजूंना १ मिळवला की डावीकडे (क्ष + १)(य + १) होतं आणि उजवीकडे १४३, म्हणजे ११ गुणिले १३. क्ष १०, य १२, काम संपलं. वीस सेकंद.

त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या मॉकमध्ये हा प्रश्न होता: क्ष × य − ३क्ष − २य = ७१, धन पूर्णांकांच्या किती जोड्या? हा त्याने पाच मिनिटं झटून सोडून दिला होता. कारण इथे एक जोडी सापडून भागत नाही, सगळ्या हव्यात, आणि एकेक आकडा घालून बघणाऱ्याला कुठे थांबायचं तेच कळत नाही. पण युक्ती तीच आहे. दोन्ही बाजूंना ६ मिळवा, डावीकडे (क्ष − २)(य − ३), उजवीकडे ७७. सत्याहत्तरचे विभाजक १, ७, ११, ७७. चार जोड्या.

आता ॲपचा अहवाल. पहिल्या प्रश्नासाठी 'संख्यापद्धती: उत्तम'. दुसऱ्यासाठी 'बीजगणित: सुधारणा हवी'. एकच गोष्ट येत नव्हती, ती दोन्ही प्रश्नांत येत नव्हती, आणि यंत्राने एकीकडे शाबासकी दिली, दुसरीकडे भलत्याच धड्याकडे बोट दाखवलं. पोरगं इमानेइतबारे बीजगणिताचे व्हिडिओ बघत बसलं होतं!

यात ॲपचा दोष म्हणावा तर तसा नाही. त्याला उत्तर दिसतं आणि घड्याळ दिसतं. वही दिसत नाही. ती बघायचं काम ज्याची वही त्यालाच करावं लागतं, आणि बरोबर आलेल्या प्रश्नांचंही करावं लागतं. हिरव्या खुणांवर परत कोणी जात नाही. मला तर सगळ्यात जास्त माल तिथेच सापडतो.

पुस्तकं बाजूला ठेवा, हा सल्ला इथेच निकालात निघतो. दोन्ही बाजूंना तोच आकडा मिळवून अवयव पाडायचे, ही गोष्ट शांतपणे बसून पंधरा-वीस उदाहरणं केल्यावर हातात बसते. मॉकमध्ये असा प्रश्न आठवड्यातून एकदा भेटतो, तोही वेगळा सदरा घालून.

"मॉकमधलं पर्सेंटाइल तेच खरं"

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे बहुतेक मुलांना पाठ असतं, पण त्याचा अर्थ लक्षात ठेवून मॉकचा आकडा वाचणारी थोडी. ते रांगेतलं स्थान आहे, आणि रांग बदलली की स्थान बदलतं. कॅट २०२४ ला सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी परीक्षा दिली. तिथे ९९ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे साधारण २,९०० माणसं. एखाद्या मॉकला ४,००० जण बसले असतील तर तिथे ९९ म्हणजे पुढे ४० माणसं. आणि ही ४,००० माणसं कोण? पैसे भरून, ऑक्टोबरात, रविवारची झोप मोडून बसलेली असतील तर खऱ्या परीक्षेतल्या सरासरी उमेदवारापेक्षा ती तयारीची असणार, आणि तुमचा आकडा असेल त्याहून कमी दिसणार. फुकटच्या मॉकला अर्धे जण गंमत म्हणून बसलेले असतील तर तोच आकडा फुगणार. काही महाभाग आधी उत्तरं बघून दुसऱ्या खात्याने मॉक देतात, त्यांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. त्यात खरी परीक्षा तीन सत्रांत होते आणि सत्रांची काठिण्यपातळी जुळवून मग गुण ठरतात. हा सगळा प्रकार घरच्या मॉकमध्ये कुठून येणार?

याहून वाईट म्हणजे एकूण आकडा आतली पडझड झाकतो. आयआयएममध्ये प्रवेशासाठी प्रत्येक विभागाचं किमान पर्सेंटाइलही लागतं. माझ्या भाच्याचा एकूण आकडा ८२ ते ८५ असा शांत दिसत होता, पण डीआयएलआर एका मॉकमध्ये ९५, तर पुढच्यात ४०. तीन मॉक उलगडून बघितल्यावर कळलं की तो नेहमी पहिला सेट, म्हणजे एकाच माहितीवरच्या प्रश्नांचा पहिला गट, आधी घेतो. सोपा निघाला तर ९५. अवघड निघाला तर बारा-तेरा मिनिटं त्यात रुतून बसतो, कारण एवढा वेळ घालवला तर आता सोडायचा कसा. पहिली तीन मिनिटं सगळे सेट नुसते वाचायचे, मग कुठला घ्यायचा ते ठरवायचं, आणि घेतलेला सेट सहाव्या मिनिटाला हलला नसेल तर निर्दयपणे सोडायचा, ही सवय मात्र पूर्ण मॉकशिवाय लागत नाही. मॉक नकोतच, असं म्हणणाऱ्यांशीही माझं म्हणूनच जमत नाही.

"मॉक जेवढा अवघड, तेवढा खरा पेपर सोपा"

थोडक्यात सांगतो. अवघड मॉक सोडवताना मुलं शिकतात काय, तर दहा प्रश्न करून समाधान मानायला. खऱ्या पेपरात सोपे प्रश्न भरपूर आले तर तिथे वेग लागतो, आणि तो बसवलेलाच नसतो. मागच्या वर्षांचे खरे पेपर आधी, उसनी काठिण्यपातळी नंतर. आणि टेलिग्रामवरून उतरवलेले जुने मॉक घेताना तारीख बघा. २०१५ ते २०१९ कॅट तीन तासांची आणि १०० प्रश्नांची होती. २०२० पासून ती दोन तासांवर आली. तीन तासांचे मॉक देऊन दम वाढतो म्हणणारे भेटतात. दम वाढत असेलही, ४० मिनिटांच्या विभागाची सवय लागत नाही.

"कॅटचे मॉक दिले की सीईटी आपोआप निघते"

महाराष्ट्रातल्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. मुंबईत जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुण्यात पुम्बा (पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग), या एमबीएच्या जागांचा मुख्य रस्ता राज्याच्या एमबीए सीईटीतून जातो, आणि ती परीक्षा जातीनेच वेगळी आहे. २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. निम्मे प्रश्न तर्काचे, त्यातले २५ आकृत्यांचे. आकृत्यांचा हा प्रकार कॅटमध्ये नाही, तेव्हा कॅटचे शंभर मॉक देऊनही त्यातला एक प्रश्न डोळ्यांखालून जात नाही.

खरा फरक चुकीच्या उत्तराच्या किमतीत आहे. कॅटमध्ये पर्यायी प्रश्न बरोबर आला तर ३, चुकला तर १ वजा. पर्याय चार. डोळे मिटून वीस प्रश्नांवर खुणा केल्या तर सरासरीने पाच बरोबर येतील, १५ गुण मिळतील, पंधरा चुकतील, १५ जातील. हाती शून्य. म्हणून कॅट देणारा मुलगा सोडायला शिकतो, आणि ते योग्यच. सीईटीत चुकीला वजाबाकी नाही. तिथे तेच वीस प्रश्न शेवटच्या मिनिटात आंधळेपणाने भरले तरी सरासरीने चार-पाच गुण पदरात पडतात. सोडायची सवय मुरलेली मुलं सीईटीत पंचवीस-तीस प्रश्न कोरे ठेवून बाहेर येतात आणि वर अभिमानाने सांगतात, "खात्री असलेलेच केले." दोन वर्षांपूर्वी माझ्याच टेबलावरच्या एका मुलीने हे केलं. चूक माझी होती, मी तिला कॅटनंतर सीईटीचे मॉक वेगळे द्यायला सांगायला हवं होतं.

मोबाइलवर आडवं पडून, रात्री अकराला दिलेल्या मॉकबद्दल मेसेज काही म्हणत नाही, पण रोज एक द्यायचा तर तो असाच दिला जातो. केंद्रावर संगणक असतो, आकडे पडद्यावरच्या कळांवर माउसने टिचकवत भरावे लागतात, आणि सत्र सकाळी साडेआठचंही असू शकतं.

भाच्याचे आता रविवारी एक, एवढेच मॉक चालू आहेत. कधी साडेआठला, कधी साडेबाराला, कधी साडेचारला. सोमवार ते बुधवार तो त्याच मॉकची वही घेऊन येतो. गुरुवार-शुक्रवार पुस्तक. गेल्या बुधवारी त्याने एका हिरव्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा बरोबर आलाय, पण मला येत नाही." मग आम्ही तोच घेतला. जेवायला उशीर झाला त्या दिवशी.