पालथा पडलेला पैलवान हरला की वाचला?

आमच्या गावाकडच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक निरोप फिरून येतो. वर झेंडा, खाली जोडलेले हात, मध्ये पाच दावे. ज्यांच्या फोनवर तो अजून यायचाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक, बोधिधर्म नावाच्या भारतीय भिक्षूनं कलरी, म्हणजे केरळची जुनी युद्धकला, चीनमध्ये नेली आणि त्यातून शाओलिनचं कुंग फू जन्मलं. दोन, कराटे-ज्युदो ही सगळी आपलीच नक्कल. तीन, गामा पैलवानानं गोऱ्या जगज्जेत्याला लोळवलं, तेव्हा आपला मातीतला पैलवान आजच्या कुठल्याही एमएमएवाल्याला (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्या मिश्र लढतीवाल्याला) दोन मिनिटांत आस्मान दाखवेल. चार, मातीच्या जागी गादी (मॅट) आली आणि कुस्ती मेली. पाच, मुलींच्या कराटे क्लासवर पैसे घालवू नका, सात दिवस लाठी शिकवा, एकटी तिघांना लोळवेल. शेवटी नेहमीचंच: खरे मराठी असाल तर पुढे पाठवा.

मी खरा मराठी आहे आणि पुढे पाठवलेलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या तालमीत बारा वर्षं माती खाल्ली, पुढे पुण्यात ज्युदो केला, अलीकडे जिउ-जित्सू शिकतोय, म्हणजे जमिनीवर लोळून गळा आवळायचा, सांधे पिरगळायचे तो खेळ. नाव काढण्यासारखं कुठेच काही केलं नाही, पण मार तिन्हीकडे खाल्लाय. तेवढ्या अधिकारावर हे लिहितोय.

बोधिधर्मापासून सुरुवात करू. त्याचा सर्वांत जुना उल्लेख ५४७ सालच्या एका चिनी ग्रंथात येतो, लुओयांग शहरातल्या मठांच्या वर्णनात. तिथे तो पश्चिमेकडून आलेला इराणी भिक्षू आहे. आणि करतो काय? एका उंच मनोऱ्याकडे बघून थक्क होतो, हात जोडतो. इतर जुन्या लिखाणात तो दक्षिण भारतातला म्हणून येतो, आणि तसा तो असेलही. पण या जुन्या कागदांत तो कुणाला साधा एक ठोसासुद्धा शिकवत नाही. व्यायामाशी त्याचं नाव जोडलं ते ‘यीजिन जिंग’ नावाच्या पुस्तकानं, आणि ते १७ व्या शतकातलं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आगेमागे लिहिलेलं. ते जुनं भासावं म्हणून त्याला सातव्या शतकातल्या एका सेनापतीच्या नावानं प्रस्तावना चिकटवलेली आहे. तीत सेनापती म्हणतो, मला हे पुस्तक अमक्याकडून मिळालं. तो अमका निघतो एका लोकप्रिय कथेतलं काल्पनिक पात्र! तांग हाओ या चिनी इतिहासकारानं १९३० च्या दशकातच हे सगळं उघडं पाडलं. नव्वदेक वर्षं झाली, आमच्या ग्रुपपर्यंत बातमी पोचायची आहे.

कलरीचं म्हणाल, तर तिनं आजचं रूप ११ व्या शतकाच्या आसपास घेतलं, चेर-चोळ लढायांच्या धामधुमीत, असं केरळच्याच इतिहासकारांनी मांडलंय. बोधिधर्म ५ व्या-६ व्या शतकातला. मधली पाचशे वर्षं कुणी भरून काढायची?

गंमत म्हणजे शाओलिनशी भारताचा एक नातं सांगणारा धागा आहे. चिनी परंपरेप्रमाणे ४९५ च्या सुमारास तो मठ उभा राहिला तो बातुओ नावाच्या, भारतातून आलेल्या भिक्षूसाठी. त्याचं नाव या निरोपात मी कधी वाचलं नाही. आणि अभिमानच मिरवायचा तर घरात काय कमी आहे? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे ११३० च्या आसपास, मल्लविनोदावर अख्खं प्रकरण आहे. मल्लांची प्रतवारी कशी लावायची, त्यांना खाऊ काय घालायचं, मेहनत कोणती करवून घ्यायची, सगळं त्यात आहे. त्यासाठी चीनपर्यंत जायची गरज नाही.

नकलेचा मुद्दा लवकर उरकतो. कराटे ओकिनावा बेटावरचं, आणि तिथल्या लोकांनी ते कुठून घेतलं हे लपवलेलं नाही. त्याच्या जुन्या नावाचा अर्थच ‘चिनी हात’. ‘रिकामा हात’ हे नाव रूढ झालं ते १९३० च्या दशकात. ज्युदो जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत सुरू केला, तोही जुन्या जपानी जुजुत्सूमधून निवडून. कोण कुणाचं घेतं याची लाज त्यांना नाही, मग आपल्यालाच का असावी? ‘तालीम’ हा शब्द अरबी. ‘पैलवान’, ‘वस्ताद’, ‘कुस्ती’, इतकंच काय ‘खुराक’, हे फारसीतून आलेले. जुनं मल्लयुद्ध आणि इराणी कुस्ती मोगलकाळात एकमेकांत मिसळली, त्यातून आजची कुस्ती झाली. आपली विद्या शंभर टक्के शुद्ध असल्याचा शड्डू ठोकायचा तर निदान शब्द तरी दुसरे शोधावे लागतील.

आता गामा. इथे थोडं थांबायला हवं, कारण निरोपातली ही एकच गोष्ट बरीचशी खरी आहे आणि तिच्यातूनच निष्कर्ष उलटा निघतो.

१० सप्टेंबर १९१०, लंडन. गामासमोर पोलंडचा स्टानिस्लाउस झ्बिश्को. गामानं सुरुवातीलाच त्याला खाली घेतलं. झ्बिश्को ओळखून चुकला की उभ्यानं आपला निभाव नाही, आणि तो गादीवर पालथा पडून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ! गामा घोळवतोय, उचलायला बघतोय, आणि हा गडी गादीला घोरपडीसारखा चिकटलेला. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. आठवड्यानं पुन्हा लढायचं ठरलं, तर झ्बिश्को आलाच नाही, आणि गामाला विजयी ठरवलं गेलं. लोळवलं म्हणतात ते पुढे १९२८ मध्ये, पतियाळाला, आपल्या पद्धतीच्या कुस्तीत. तिथे एका मिनिटाच्या आत निकाल लागला.

तेच दोन पैलवान. एकदा अडीच तासांत निकाल नाही, एकदा मिनिटभरात. झ्बिश्कोचं वय मध्ये वाढलं हे धरलं (गामाचंही वाढलंच की), तरी पालथं पडून राहणं लंडनमध्ये खपून गेलं ते तिथल्या नियमांमुळे. आणि दोन्ही वेळा ती कुस्तीच होती. ठोसा नाही, लाथ नाही, गळा आवळणं नाही. त्यावरून एमएमएबद्दल काही ठरवणं म्हणजे कबड्डीतला चांगला चढाईपटू खो-खोतही जिंकेल असं धरून चालणं.

हे पालथं पडण्याचं प्रकरण माझ्या स्वतःच्या अंगावर आलं म्हणून जरा खोलात सांगतो. तालमीत पोराला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट हाडात मुरवतात: पाठ लागू द्यायची नाही. दोन्ही खांदे मातीला लागले की चीत, खेळ खलास. त्यामुळे तोल गेला की अंग आपोआप फिरतं आणि आपण पोटावर येतो. पालथा पैलवान सुरक्षित. वरचा घिस्सा मारू दे, कसाही रेटू दे, पाठ वर आहे तोवर आपण हरलेलो नाही.

जिउ-जित्सूच्या क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात माझ्यापेक्षा पंधरा किलोनं हलका एक आयटीतला मुलगा समोर आला. मी पट काढला, म्हणजे पाय धरून त्याला खाली घेतलं, तो पडला आणि पाठीवर पडूनच राहिला, पाय माझ्या कमरेभोवती घालून. मला वाटलं, जिंकलो. पण खेळ थांबेना. गोंधळात त्यानं मला ढकललं, मी सवयीनं पालथा झालो आणि पुढच्या दहा सेकंदांत तो पाठीवर चढून, हनुवटीखाली हात सरकवून माझा गळा आवळत होता. मी गादी थोपटली, म्हणजे हार मानली. पुन्हा लागलो, पुन्हा तेच. बारा वर्षं ज्याला सुरक्षित जागा म्हणत आलो ती त्या खेळातली सगळ्यांत वाईट जागा निघाली.

ज्युदोत तर याच्याही आधी फजिती झाली होती. २०११ च्या सुमाराची एक छोटी स्पर्धा. मी कमरेत वाकलो, सरळ समोरच्याचा पाय धरला आणि त्याला स्वच्छ पाडलं. टाळ्यांऐवजी पंचांनी मला थेट बाद केलं. उभ्यानं असा सरळ पायाला हात घालणं २०१० मध्येच नियमानं बंद झालं होतं, आणि मी नियम नीट वाचले नव्हते. तोच डाव कोल्हापूरच्या खासबाग मैदानात मारला असता तर फेटा मिळाला असता.

म्हणून ‘कुठली विद्या भारी’ हा प्रश्न मला आता ‘चाकू भारी की चमचा’ असा वाटतो. भाजी चिरायची की आमटी प्यायची ते आधी सांगा. यूएफसी या एमएमएच्या मोठ्या स्पर्धेच्या पिंजऱ्यात उतरलेला पहिला भारतीय २०१७ मध्ये शांघायला पहिल्याच फेरीत मान अडकून हरला. पटात शिरताना डोकं बाहेरच्या बाजूला राहिलं तर मान समोरच्याच्या काखेत जाते. कुस्तीत याची भीती नसते, कारण तिथे गळा आवळायला बंदी आहे. आणि पुढे २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला, पूजा तोमर, घडली ती वुशूत. वुशू म्हणजे चिनी खेळ. निरोप लिहिणाऱ्याला हे कुठे बसवायचं असेल तिथे त्यानं बसवावं.

पण कुस्तीवाल्यांनी लगेच वाईट वाटून घेऊ नये. एमएमएत कुस्तीतून आलेली माणसं खोऱ्यानं जिंकतात, रशियातल्या दागेस्तानच्या खबीब नूरमागोमेदोवकडे बघा. त्याचं कारण निरोपात नाही ते असं, की कुस्ती रोज खरी खेळली जाते. संध्याकाळी तालमीतल्या मातीच्या हौदात उतरलं की समोरचा जोडीदार तुमचा डाव लागू देत नाही, तो त्याचा लावायला बघतो. रोज पन्नास वेळा फसायचं, मग एक डाव कधीतरी हातात बसतो. कानोंचं मोठेपणही यातच. त्यांनी जुन्या जुजुत्सूतले हाडं मोडणारे, जीवघेणे प्रकार मोकळ्या सरावातून बाजूला काढले. लोकांना वाटलं विद्या बोथट झाली. झालं उलटंच, उरलेले डाव पोरं पूर्ण ताकदीनं रोज एकमेकांवर आजमावू लागली. डोळ्यात बोट घालायची विद्या कितीही जहाल असली तरी सराव कुणाच्या डोळ्यांवर करणार?

गादीनं कुस्ती मारली, हा चौथा दावा. यात माझं मन अर्धं निरोपाच्या बाजूचं आहे, हे कबूल. मैदानातली निकाली कुस्ती, तिचा संथ चढत जाणारा ताण, हलगी, आणि तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मोजणारी गादीची कुस्ती, यांची चव वेगळीच. पण खाशाबा जाधवांना विचारलं असतं तर? गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ ला लंडनला गेला तेव्हा गादीची सवय नव्हती, तरी सहावा आला. मग गादीवर मेहनत केली आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मातीतल्या माणसानं गादीवर मिळवलं. तिथे ज्या जपानी शोहाची इशीनं त्यांना हरवून सुवर्ण नेलं, तो मुळात ज्युदोवाला. महायुद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली म्हणून कुस्तीत शिरलेला! आणि आपल्या महाराष्ट्र केसरीत तर माती विभाग आणि गादी विभाग दोन्ही आहेत. मेलेल्या माणसासाठी कुणी दोन पाट मांडत नाही.

पाचवा दावा वाचून मात्र हसू येत नाही. लाठी, फरी-गदका, दांडपट्टा हे मर्दानी खेळ मला जिवापाड आवडतात, पोरींनी जरूर शिकावेत. पण सात दिवसांत? माझी भाची शाळेतल्या एका शिबिरातून घरी आली आणि म्हणाली, मामा, मनगट धर, मी सोडवून दाखवते. मी धरलं. शिबिरात जोडीदारीण सोडायची म्हणून सुटायचं, इथे सुटेना. तिनं तीनदा हिसका दिला, मग तोंड पडलं. तिला वाईट वाटलं, त्याहून मला त्या शिबिराच्या शेवटी दिलेल्या ‘मी आता निर्भय’ छापाच्या प्रमाणपत्राची भीती वाटली. कारण तिघांसमोर ते आठवून ती पाय रोवून उभी राहिली तर? मी तिला सांगितलं, आधी पळायचं, ओरडायचं, ११२ लावायचा, आणि हात सोडवायचा तर रविवारी सकाळी माझ्याकडे यायचं. येते. मी खरंच धरून ठेवतो. दोन महिने झाले, कधी सुटतं, कधी नाही.

राहता राहिले आमच्या तालमीचे वस्ताद. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्यांना फोनवर जिउ-जित्सूची एक लढत दाखवली. सत्तरी ओलांडलेला माणूस, चष्मा कपाळावर चढवून बघत होता. एक गडी आपणहून पाठीवर पडला तसे ते खो-खो हसले. “आरं, ह्यो तर सोताच चीत झालाय की!”

मग गळा आवळला गेला आणि दुसऱ्यानं गादी थोपटली. वस्ताद गप्प झाले. “परत लाव,” म्हणाले. तीनदा लावायला लावलं. उठून हौदाशी गेले, दोन पोरांना हाक मारली. एकाला म्हणाले, पालथा पड. दुसऱ्याला म्हणाले, बस पाठीवर, घाल हात गळ्यात, हळू. स्वतः गुडघ्यावर बसून, माती झटकत, कोपर कुठे जातंय ते बोटानं चाचपत राहिले. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील.

“हनुवटी अशी आत घेतली तर?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, वस्ताद, तरी लागतो.

“मग थांब,” म्हणाले, आणि खालच्या पोराला पुन्हा पालथा पाडला.