आडात हवाच नाही, तर पोहऱ्यात पॉवर कुठून?

‘छोट्या स्पोर्टी गाडीत घरच्या घरी पाच बदल करा. 40 टक्के जास्त पॉवर, शून्य ते शंभर 12 सेकंदांवरून थेट 8 सेकंदांवर!’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. माझ्याकडेही आला, मी सोडून दिला. पण आता माझ्या भाच्याने तो मनावर घेतलाय. त्यातला रेझिस्टर (विजेच्या प्रवाहाला अडवणारा छोटा भाग) आणून झालाय आणि वर मलाच विचारतो, “मामा, नेमकी कुठली वायर कापायची?”

मेसेजमधले पाच बदल असे: ओपन एअर फिल्टर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून मोकळा केलेला एक्झॉस्ट, इनटेकच्या तापमान सेन्सरला रेझिस्टर, ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतले दोष तपासायच्या खोबणीत) खोचायची डबी आणि जास्त ऑक्टेनचं, म्हणजे सहजी आपोआप पेट न घेणारं पेट्रोल. गाडी कुठली? तर ‘कुठलीही’. इंजिनाला टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) आहे की नाही, हेसुद्धा विचारलेलं नाही.

आधी त्यांचंच गणित तपासू. 1000 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरला न्यायला साधारण 386 किलोजूल ऊर्जा लागते. गाडी तीच, वेग तोच, तर ऊर्जाही तीच. वेळ 12 वरून 8 सेकंदांवर आणायचा तर चाकांपर्यंत पोचणारी सरासरी पॉवर दीडपट हवी, म्हणजे वाढ 50 टक्के. मेसेज देतोय 40. ती अख्खी खरी धरली तरी साडेआठच्या खाली येत नाही. शिवाय सुरुवातीला टायर घसरतात आणि गिअर टाकताना वेळ जातो, तो पॉवर वाढवून कमी होत नाही. दोन आकडे दिले आणि त्या दोघांचंही एकमेकांशी पटत नाही.

आता मुख्य मुद्दा. एक किलो पेट्रोल नीट जळायला 14.7 किलो हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे, अडतं ते हवेपाशी. टर्बो नसलेलं 1.2 लिटरचं इंजिन क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत फार तर 1.2 लिटरच्या आसपास हवा आत घेणार, आणि आजची इंजिनं त्यातली बरीचशी कंपनीतून येतानाच घेत असतात. पॉवर वाढवायची तर ती हवा दाबून भरा, म्हणजे टर्बो किंवा सुपरचार्जर लावा, नाहीतर इंजिन जास्त वेगाने फिरवा. तिसरी वाट म्हणजे किरकोळ डागडुजी.

हे मनाचं सांगत नाही. माझदाची एमएक्स-5 घ्या: छोटी, हलकी, दोन सीटची, टर्बो नसलेल्या 2 लिटर इंजिनाची. अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे ती आधी 6000 आरपीएमला (मिनिटाला 6000 फेऱ्यांना) 155 हॉर्सपॉवर द्यायची. 2019 च्या मॉडेलमध्ये कंपनीने ते 7000 आरपीएमला 181 वर नेलं. त्यासाठी पिस्टन हलके केले, कनेक्टिंग रॉड हलके केले, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल बॉडी मोठी केली, एक्झॉस्ट सुधारला आणि रेडलाइन, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, 6800 वरून 7500 वर नेली. एवढा खटाटोप करून वाढ किती? 17 टक्क्यांच्या आत. त्यातही गंमत बघा. कमाल पॉवरच्या बिंदूवरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, काढला तर आधी 184 न्यूटन-मीटर आणि नंतरही 184च. जोर तोच राहिला, फक्त तो हजार आरपीएम जास्त टिकवला. ज्यांनी ते इंजिन स्वतः बनवलं त्यांना आतले भाग बदलून 17 टक्केही मिळाले नाहीत, आणि आपल्याला एक फिल्टर, एक पाइप आणि एक डबी लावून 40 मिळणार?

फिल्टरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. आत जाणारी हवा 10 अंशांनी थंड झाली तर ती साधारण 3 टक्के घट्ट होते, इतकंच. आणि ओपन फिल्टर बॉनेटखाली उघडा ठेवला तर तो इंजिनाची गरम हवाच ओढतो, म्हणजे हिशेब उलटा. मूळ फिल्टर बॉक्सची नळी बाहेरच्या हवेकडे उगाच वळवलेली नसते. आवाज मात्र वाढतो, आणि आवाज वाढला की गाडी पळतेय असं वाटतं. एक्झॉस्टचंही तेच, भरीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की विषारी धूर सरळ मागच्याच्या नाकात. अनेक देशांत ते बेकायदा आहे.

आता तो रेझिस्टर. पाचांतला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घातक. इनटेकमधल्या सेन्सरचा रोध हवा थंड झाली की वाढतो. वायरीत रेझिस्टर घातला की बाहेर रणरणतं ऊन असतानाही ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरला) वाटतं, हवा गार आहे. गार हवा म्हणजे घट्ट हवा, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडतो. मेसेजवाले इथे टाळ्या वाजवतात. पण साध्या चालीत एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल जास्त झाल्याचं पकडतो आणि ईसीयू ते पुन्हा कमी करतो. फायदा शून्य. पूर्ण थ्रॉटलला मात्र बऱ्याच गाड्यांत ईसीयू त्या सेन्सरचं ऐकत नाही. तिथे मिश्रण आधीच पॉवरसाठी एका किलो पेट्रोलला 12.5 ते 13 किलो हवा असं ठेवलेलं असतं, त्यात आणखी पेट्रोल घातलं की पॉवर वाढत नाही, घटते. आणि मिश्रण इतकं बिघडलं की इंजिन मिसफायर करू लागलं, तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये (तो अजून काढला नसेल तर) जाऊन जळतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते.

याहून वाईट भाग इग्निशनचा. हवा गरम असली की नॉकिंग (पेट्रोलचा आपोआप, अवेळी भडका) होऊ नये म्हणून ईसीयू ठिणगी जरा उशिरा टाकतो. त्याला खोटं सांगितलं की तो ही काळजी घेत नाही. भर उन्हात, चढावर, पूर्ण थ्रॉटल, आणि ठिणगी वेळेआधी. नॉक सेन्सर सावरायला धावतो, पण सावरताना तोच टायमिंग मागे खेचतो, म्हणजे हाती आलेली पॉवरही जाते. त्याच्याकडून सावरलं नाही तर पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटू शकते. भाच्याला सांगितलं, कुठलीच वायर कापू नकोस.

ओबीडीच्या डबीचं एका परिच्छेदात आटपतो. असली एक प्रसिद्ध डबी, नायट्रो ओबीडी2, फ्रान्सच्या क्वार्क्सलॅब या सुरक्षा कंपनीने 2017 मध्ये उघडून तपासली. आत एक चिप आणि लुकलुकणारे दिवे. गाडीच्या कॅन बसवर, म्हणजे आतल्या कंप्युटरांना जोडणाऱ्या तारांवर, ती काहीही पाठवत नव्हती.

बरं, एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. टर्बो गाडीचा ईसीयू जाणकाराने रीमॅप केला (त्यातल्या सेटिंग बदलल्या) तर फरक खरोखर पडतो, कधी कधी वीस टक्क्यांच्या आसपासही, कारण तिथे बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवता येतो, म्हणजे हवाच जास्त भरता येते. जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही अशा गाडीत कामी येऊ शकतं. ज्या इंजिनाला नॉकिंग होतच नाही, त्याला ते पाजून काही मिळत नाही. पण वाढलेला टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्सवरून जातो, हे मेसेजमध्ये कुठेय?

राहता राहिला मेसेजसोबतचा डायनो (पॉवर मोजायचं यंत्र) ग्राफ. हॉर्सपॉवर आणि पाउंड-फूट टॉर्क, दोन्ही एकाच पट्टीवर, आणि दोन रेषा 4000 आरपीएमच्या आसपास एकमेकींना छेदतात. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 5252. त्यामुळे या एककांत त्या रेषा 5252 लाच भेटल्या पाहिजेत, इंजिन कुठलंही असो. आणि ‘आधी’ची रेषा तर चित्रात नाहीच. उद्या कुणी असा ग्राफ पाठवला तर त्याच डायनोवरची, त्याच गिअरमधली, बदलाआधीची रेषा मागा. मग बघा उत्तर येतं का.