शिशुवर्ग सजवताय? मग मुलांना जरा बाजूला ठेवा

जून उजाडला, शाळा चार दिवसांवर आली आणि छोट्या शिशूचा वर्ग तुमच्या गळ्यात पडलाय? घाबरू नका. एकोणीस वर्षं हेच करतेय. यंदा नवीन काय शिकले, ते सांगते.

आधी अप्पा बळवंत चौक गाठा. गाडी लावायला जागा मिळाली का, असं मी विचारणार नाही. घोटीव कागद, क्रेप, कार्डशीट, चमकी घ्या. पैसे स्वतःचे. बिलं मात्र जपून ठेवा, गेल्या वर्षीच्या बिलांना तेवढीच सोबत.

थर्माकोलचा जिराफ हवाच. 2018 साली राज्यात या सजावटीवर बंदी आली, पण ती बहुतेक गणपतीच्या मखरालाच असावी.

चित्रं पाच फुटांवर लावा. तीन वर्षांचं मूल तीन-सव्वातीन फुटांचं, त्याला जिराफाचे पाय दिसले तरी पुष्कळ.

खेळणी कपाटात, किल्ली मोठ्या बाईंकडे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळातून शिकावं असं लिहिलंय, त्याचा लॅमिनेट केलेला तक्ता त्याच कपाटावर चिकटवा.

आणि सेल्फी पॉइंट. हे विसरलात तर बाकी सगळं फुकट. मी विसरले होते. खिडकीखालच्या कोपऱ्यात घमेल्यात चाळलेली वाळू, करवंट्या, लाकडी ठोकळे, दोन छोटे तांबे मांडून बसले होते. मोठ्या बाई आल्या, म्हणाल्या, "हा काय पसारा? पालकांचे कपडे खराब होतील." पालकांचे! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आजूबाजूला मिळेल त्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. आम्ही प्रशिक्षणात त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली. पसारा म्हणे! संध्याकाळपर्यंत कोपरा रिकामा, तिथे फुग्यांची कमान आणि सोनेरी अक्षरांत 'माय फर्स्ट डे'. वर्गणी बायांनी काढायची, अर्थात.

पहिल्या दिवशी त्या कमानीपुढे जिन्यापर्यंत रांग. आईचा पदर न सोडणाऱ्या पोराला ओढून उभं करायचं, "इकडे बघ, हस ना राजा." ते हसत नाही, म्हणून आजोबा मागून टाळ्या वाजवतात. मग एक फुगा फुटला. एक रडलं, त्याचं बघून दुसरं, पाच मिनिटांत अख्खा वर्ग. रांगेतल्या एका मुलीला शू आवरली नाही. तिला धुवायला नेलं, तर नळ माझ्या खांद्याशी.

हा नळ खाली घ्या म्हणून दोन वर्षं अर्ज देतेय. "बजेट नाही." कमानीला मात्र वर्गणी निघते!

अहो, वर्ग कोणासाठी लावतो आपण? त्या पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा घर सोडलंय. त्यांना बसायला सतरंजी, हाताला लागेल असं काहीतरी आणि शू कुठे करायची ते सांगणारं माणूस हवं असतं. आणि पालकांनो, तुम्हीही काही कमी नाही. शाळा बघायला येता तेव्हा एसी विचारता, संडास कधी विचारलाय?

नळाखाली मी घरचा पाट आणून ठेवलाय. सेल्फी पॉइंटला टेकू म्हणून कोणी उचलला, तर माझ्याशी गाठ आहे.