तेलाचं पांघरूण आणि मिरचीचा सॉस

‘मिरचीच्या बिया काढल्या की सॉसचा तिखटपणा जातो. कुंडीशेजारी ढोबळी लावू नका, तिखट मिरची गोड होते. मिरची-लसूण वाटून वर तेल ओता, सॉस लोणच्यासारखा वर्षभर बाहेर टिकतो.’ सांगलीत हा मजकूर मला तीन ग्रुपवर आलाय. पहिल्या दोन गोष्टींवर हसून सोडलं असतं, तिसरीसाठी लिहायला बसलो.

बियांचं आधी. तिखटपणा देणारं कॅप्सायसिन बी ज्या पांढरट शिरेला चिकटलेलं असतं त्या शिरेत तयार होतं. बी झोंबतं ते शिरेचं लागलेलं असतं म्हणून. शीर खरवडा, फरक जिभेला कळेल. लाल रंगावरही जाऊ नका. डंकावर चटणी कुटायला जाणाऱ्या कुठल्याही मावशींना विचारा: ब्याडगी रंगाला, लवंगी झणक्याला.

ढोबळीचं थोडक्यात. परागकण इकडचे तिकडे झाले तरी यंदाच्या फळाचा तिखटपणा आईच्या झाडाचाच. बदल होतो तो बियांत. माझ्या गच्चीवर धरलेल्या लवंगीच्या बियांतून पुढच्या वर्षी धड ना लवंगी, धड ना ढोबळी असलं काहीतरी आलं होतं. भाजीत खपलं.

आता तेल. लोणचं टिकतं ते कैरी-लिंबाच्या आंबटपणामुळे आणि ढीगभर मिठामुळे. तेल हे वरचं पांघरूण. ताज्या मिरचीत आणि लसणात तेवढा आंबटपणा नसतो. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि बोट्युलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जंतूंना नेमकं तेच हवं असतं. त्यांचे बीजाणू साध्या उकळीनं मरत नाहीत. विष तयार झालं तरी वास किंवा चव बदलेलच असं नाही.

सॉस आंबवून करा. 1 किलो मिरची, 30 ग्रॅम मीठ, जाडसर वाटून काचेच्या बरणीत. मिरची आपल्याच रसात बुडलेली राहिली पाहिजे, वर तरंगली की बुरशी धरते. झाकण सैल ठेवा, नाहीतर आतला वायू बरणीच उडवेल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आठवडाभरात आंबट वास येतो. मग व्हिनेगर घालून उकळा, गाळा आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) कागदानं तपासा. धोक्याची रेषा 4.6 आहे, मी 4 च्या वर असलेली बाटली ठेवत नाही. ठेवतो तीही फ्रिजमध्येच.

लसूण मात्र मी त्यात घालत नाही. तो जेवायच्या वेळी खलबत्त्यात ठेचून.